कोर्लईचं दीपगृह: गाडी गावाबाहेर ठेवा आणि पायी निघा

अलिबाग–मुरूड रस्त्यावरचा रेवदंड्याचा पूल ओलांडला, साळाव मागे टाकलं की थोड्याच वेळात उजव्या हाताला समुद्रात घुसलेली एक लांबट टेकडी दिसते. माथ्यावर तटबंदी. तो कोर्लईचा किल्ला. टेकडीच्या पश्चिम उतारावर, समुद्राकडे तोंड करून दीपगृह आहे. मुख्य रस्ता सोडून गावातून दीपगृहाच्या फाटकापर्यंत जाणारी वाट जेमतेम दोनेक किलोमीटरची. बहुतेक लोक ती गाडीने पाच-दहा मिनिटांत उरकतात, फाटकापाशी गाडी वळवायला जागा शोधत घामाघूम होतात, दीपगृह बंद असेल तर एक फोटो काढून काशीदला पळतात.

हा लेख त्यांच्यासाठी नाही. अर्धा दिवस हाताशी असेल आणि रस्ता, दीपगृह, किल्ला असं तिन्ही नीट पाहायचं असेल, तर क्रम कसा लावावा, एवढंच इथे सांगतो. पहिली गोष्ट ठरते ती घरी, पंचांग उघडून.

दिवस निवडताना भरतीचा हिशेब

किनाऱ्यावर जायचं तर शनिवार-रविवारपेक्षा तिथी महत्त्वाची. कोकणच्या या पट्ट्यात जुन्या लोकांचा एक साधा हिशेब चालतो: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची. येईल तो पूर्ण भरतीचा अंदाजे तास. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे सकाळी आणि रात्री साडेसातच्या आसपास समुद्र भरलेला. चतुर्दशीला साडेदहा. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. तिथी पुन्हा एकपासून मोजायची. भरती रोज पाऊण तासाच्या थोडी वर पुढे सरकते, म्हणून ही युक्ती जमते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला तेवढं पुरतं. मिनिटांचा काटेकोरपणा हवा असेल तर भरती-ओहोटीचं छापील किंवा मोबाइलवरचं वेळापत्रक पाहावं.

आपल्याला हवी आहे ती दुपार-संध्याकाळची ओहोटी. त्रयोदशीला सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, चारच्या सुमारास, चतुर्दशीला पावणेपाचला, पौर्णिमेला किंवा अमावास्येला साडेपाच-सहाला. शिवाय हे उधाणाचे दिवस. या किनाऱ्यावर उधाणात भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे पाणी खूप मागे जातं आणि रस्त्याखालचा काळा कातळ उघडा पडतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती. समुद्र फार चढत नाही, फार उतरतही नाही. पंचमी-षष्ठीला मात्र तुम्ही रस्त्यावर असाल नेमकं तेव्हाच पाणी भरलेलं असणार. रस्ता तेव्हाही छानच, पण खाली उतरायचा विचार सोडून द्यायचा.

आता त्रयोदशी ते प्रतिपदा हा टप्पा महिन्यातून दोनदा येतो. पौर्णिमा घ्यावी की अमावास्या? दीपगृहाचा झोत पाहायचा असेल तर अमावास्या, नि:संशय. पौर्णिमेला वेगळीच गंमत: किल्ल्याच्या कण्यावर उभं राहिलात तर पश्चिमेला सूर्य बुडतो आणि त्याच सुमारास पूर्वेला खाडीपलीकडच्या डोंगरांवर चंद्र उगवतो. एक धोका आधीच सांगून ठेवतो. परतीचा रस्ता टेकडीच्या पश्चिमेला आहे आणि चंद्र पूर्वेला, त्यामुळे चंद्र वर येईपर्यंत टेकडीची सावली नेमकी तुमच्या वाटेवर पडते. पौर्णिमा आहे म्हणून विजेरी घरी ठेवू नका.

कोर्लईला कसं पोहोचायचं

मुंबईहून दोन मार्ग. गेटवेहून मांडव्याची लाँच, तिथून बसने अलिबाग. किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाडीही बोटीत घालता येते. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. रस्त्याने येणारे वडखळवरून अलिबागकडे वळतात. वडखळचा कंटाळा ज्याचा त्याने सोसायचा.

पुणेकरांनी अलिबागला जायचं कारणच नाही. ताम्हिणी उतरून रोहा गाठा आणि कुंडलिका नदीच्या काठाकाठाने साळावला या.

अलिबाग ते कोर्लई वीस-बावीस किलोमीटर. अलिबाग–मुरूड एसटी रेवदंडा-साळावमार्गे जाते, तिला कोर्लईचं तिकीट मागायचं आणि गावाच्या फाट्यावर उतरायचं. उतरल्या उतरल्या परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ कंडक्टरला विचारून घ्या. अंधार पडेपर्यंत थांबायचा बेत असेल तर हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. शेवटची गाडी लवकरची निघाली तर रेवदंड्यापर्यंत रिक्षा आधीच बोलून ठेवायची.

फाट्यावर पोहोचायची वेळ मागून पुढे काढावी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मे अखेरीस सातनंतर. सूर्यास्ताच्या साडेतीन तास आधी फाट्यावर असलात तर पुढचं सगळं न धावता होतं.

गावातून जाताना

गाडी असेल तर ती मुख्य रस्त्यालगत किंवा गावाच्या तोंडाशी, कुणाच्या दारात येणार नाही अशा जागी लावा. आत गल्ल्या अरुंद आहेत. समोरून मासळीचा टेम्पो आला की दोघांपैकी एकाला मागे जावं लागतं, आणि गर्दीच्या दिवशी त्या पर्यटकाच्या मागे आणखी चार गाड्या अडकलेल्या असतात. हा रस्ता आधी कोळीवाड्याचा आणि दीपगृहाच्या माणसांचा आहे, आपण पाहुणे.

गाव सावकाश पाहण्यासारखं आहे. रंगवलेली घरं, दारात जाळी विणत बसलेली माणसं, खळ्यावर पसरलेला जवळा, बांबूंवर जोडीजोडीने टांगलेले बोंबील. त्या वासाला नाक मुरडायचं असेल तर इथवर यायची तसदी घेऊ नये. खळ्यावरून पाय टाकत जायचं नाही. ते कुणाचं तरी वर्षभराचं उत्पन्न असतं. फोटो काढायचा तर विचारून. विचारलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात, एखाद्या मावशी नको म्हणतात, तेही बरोबरच.

वरच्या कोर्लईत ख्रिस्ती वस्ती आहे आणि तिथे माउंट कार्मेल माउलीचं चर्च आहे. या वस्तीत एक पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली अजून घराघरात चालते. बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात. पोर्तुगीज इथून १७४० मध्ये गेले. सुमारे पावणेतीनशे वर्षं लोटली तरी हजारभराच्या आतबाहेर माणसांनी ती तोंडात ठेवली आहे, हे मला किल्ल्यापेक्षाही मोठं आश्चर्य वाटतं. पण म्हणून कुणाला रस्त्यात थांबवून ‘दोन शब्द बोलून दाखवा’ असं म्हणू नका. दुकानात पाणी घ्यायला थांबलात तर आपसूक कानावर पडते. आणि पाणी इथेच घ्या. पुढे मिळेल असं धरून चालू नका.

रस्ता

शेवटची घरं मागे पडली की रस्ता टेकडीच्या कडेला लागतो. डावीकडे समुद्र, उजवीकडे चढ. चुकायला जागाच नाही.

दुपारी या रस्त्यावर सावली नसते. टेकडी पूर्वेला असल्यामुळे सकाळी उशिरापर्यंत इथे गारवा असतो आणि दुपारनंतर उन्हाचा मारा सरळ अंगावर येतो. म्हणून टोपी, आणि डोळ्यांवर पाण्याची चकाकी येते म्हणून गॉगल. फक्त चालायचं असेल, दीपगृहात शिरायचा आग्रह नसेल, तर सकाळी सात ते नऊ ही इथली उत्तम वेळ. पण बहुतेक दीपगृहं लोकांना दुपारनंतरच उघडी असतात, त्यामुळे सकाळी आलात तर फाटकावरून परतायची तयारी ठेवा.

सुकतीची वेळ साधली असेल तर अधूनमधून खाली कातळावर उतरता येतं. इथला दगड काळा बसाल्ट, कोकणच्या दक्षिणेकडचा जांभा नव्हे. भरतीच्या पाण्याखाली जाणारा भाग शेवाळाने गुळगुळीत होतो आणि कालवांनी खरखरीत. पहिल्यावर पाय घसरतो, दुसऱ्यावर कापतो. अनवाणी किंवा साध्या चपलेने उतरू नये. मागे पट्टा असलेले, तळव्याला पकड असलेले सँडल हवेत. कातळावर बसून कालवं फोडणाऱ्या बाया दिसल्या तर त्या किती पुढे गेल्या आहेत ते पाहा आणि त्यांच्या पुढे जाऊ नका. त्या माघारी निघाल्या की तुम्हीही निघा. पाणी फिरल्याचं त्यांना तुमच्या मोबाइलच्या आधी कळतं.

इथे पोहू नका. शेजारी खाडीचं तोंड आहे, ओहोटीला कुंडलिकेचं पाणी जोराने बाहेर ओढलं जातं, आणि टेकडीच्या पायथ्याशी दगडच दगड आहेत. पोहायची हौस काशीदलाही जपूनच भागवावी.

वाटेवर थांबायची जागा मी सांगणार नाही, ती ज्याची त्याला सापडते. एवढं मात्र सांगतो: फाटकाच्या थोडं अलीकडे उभं राहिलं तर पुढे दीपगृह आणि वर तट एकाच नजरेत येतात. संध्याकाळी परत याल तेव्हा ही जागा उपयोगी पडणार आहे, ती आत्ताच हेरून ठेवा.

फाटकावर आधी विचारा, मग किल्ला चढा

दीपगृहाचं आवार सरकारी आहे. भारतातली दीपगृहं केंद्राच्या दीपस्तंभ आणि दीपनौका महासंचालनालयाकडे असतात. लोकांना आत घेण्याची वेळ थोडकी असते आणि बदलते, त्यामुळे पोहोचल्यावर पहिला प्रश्न एकच: आज कितीला उघडणार? उघडायला वेळ असेल तर आधी किल्ला करून यायचं. उघडं असेल तर आधी दीपगृह. या एका प्रश्नाने पुढचा सगळा क्रम ठरतो, आणि नेमका तोच न विचारता लोक धापा टाकत वर जातात.

दीपगृहाच्या मागून पायऱ्या निघतात. चढ पंधरा-वीस मिनिटांचा. काही पायऱ्या उंच आहेत. गुडघ्याची तक्रार असलेल्यांनी काठी आणावी, उतरताना ती जास्त लागते. टेकडी शंभरेक मीटरची, त्यामुळे दम लागण्याआधीच तट गाठलेला असतो.

किल्ला रुंदीला नावापुरता आणि लांबीला भरपूर, दक्षिणोत्तर पसरलेला. आत आडव्या भिंती घालून त्याचे कप्पे पाडलेले आहेत, म्हणजे एक भाग पडला तरी पुढच्या भिंतीआडून लढता यावं. दारामागून दारं ओलांडत तुम्ही चालता तेव्हा ही योजना पायांना कळते. वर पाण्याचं मोठं टाकं आहे, छप्पर उडालेलं चर्च आहे, एक लहान मंदिर आहे, पोर्तुगीज अक्षरं कोरलेले दगड आहेत आणि तोफा पडलेल्या आहेत.

इतिहास थोडक्यात. समोर रेवदंड्याला पोर्तुगीजांनी १५२१ पासून किल्ला बांधला, पण खाडीच्या तोंडावरची ही टेकडी ज्याच्या हाती तो रेवदंड्याच्या डोक्यावर बसणार, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. निजामशाहीने इथे तट घालून तोफा चढवल्या आणि १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी मोठी लढाई करून टेकडी घेतली. वसईच्या मोहिमेनंतर झालेल्या तहात, १७४० मध्ये, ती मराठ्यांकडे आली. उत्तरेच्या टोकाकडे चालत गेलात की हे सगळं पुस्तकाविना समजतं: खाली खाडीचं तोंड, पलीकडे नारळी-पोफळींत दडलेला रेवदंड्याचा तट आणि झाडांच्या वर आलेला सातखणी मनोऱ्याचा उरलेला भाग, आत साळावचा कारखाना आणि त्याच्याकडे निघालेले बार्ज. आजही खाडीत शिरणारी प्रत्येक बोट या टेकडीच्या नजरेखालून जाते.

पावसाळा संपल्यानंतर दोन महिने वर गवत कमरेपर्यंत असतं. त्यात टाक्यांची तोंडं आणि ढासळलेल्या भिंतींच्या फटी दिसत नाहीत, सापांचीही शक्यता असते. मळलेली वाट सोडू नका, मुलांना पुढे धावू देऊ नका. उत्तरेचं टोक उतरत जातं, ते परत चढावं लागतं; वेळ कमी असेल तर अर्ध्यावरून फिरा. आणि दीपगृहाची वेळ पायांपेक्षा घड्याळात पाहा.

दीपगृहाच्या आत

तिकीट नाममात्र असतं. सुटे पैसे ठेवा. दीपगृहांचा खरा खर्च तुमच्या तिकिटावर चालत नाही. बंदरांत येणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेतलं जातं, त्यावर चालतो. १९२७ च्या दीपगृह कायद्याची जागा २०२१ मध्ये नव्या कायद्याने घेतली, पण पैसे जहाजांनी भरायचे ही रीत कायम आहे.

मनोरा फार उंच नाही, उंची टेकडीने दिलेली आहे. जिना अरुंद, शेवटी वाकून शिरावं लागतं. पाठीवरच्या पिशव्या खाली ठेवून जा. वर एका वेळी मोजकीच माणसं मावतात, तेव्हा दहाजणांचा गट असेल तर स्वतःहून दोन तुकड्या करा, कर्मचाऱ्याला सांगायला लावू नका.

वर पाहायची गोष्ट म्हणजे भिंग. जाड काचेचं एकच भिंग बनवलं तर ते अवजड होईल, म्हणून काचेच्या कड्या एकात एक बसवून तेच काम करून घेतलेलं असतं. फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाची ही युक्ती १८२३ पासून दीपगृहांत वापरात आहे. दिव्याचा चहूकडे सांडणारा उजेड या कड्या वळवून एका आडव्या झोतात आणतात, त्यामुळे लहानसा दिवाही मैलोन्‌मैल पोहोचतो. काचेला बोट लावू नका. बोटाचा तेलकट ठसा उजेड खातो आणि तो पुसायला कुणालातरी नाजूक हाताने काम करावं लागतं. दिवसा दिव्याच्या खोलीला पडदे का लावतात, हे विचारून पाहा. जे भिंग दिव्याचा उजेड बाहेर फेकतं, तेच उलट्या दिशेने सूर्याचा उजेड आत, नेमका दिव्यावर गोळा करतं, आणि तिथे काहीही जळू शकतं.

दीपगृह किती दूरून दिसेल याचा अंदाज तुम्हीही करू शकता. समुद्रसपाटीपासून दिव्याची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि २.०८ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत येतं. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. समजा दिवा तीस मीटरवर आहे, तर सुमारे ११.४ मैल. बोटीवरच्या माणसाचे डोळे पाण्यापासून चार मीटरवर असतील तर त्याचे ४.२ मैल त्यात मिळवा. साडेपंधरा मैलांवर, म्हणजे जवळजवळ २९ किलोमीटरवर, त्याला दिवा क्षितिजावर वर येताना दिसेल. अर्थात दिवा तेवढा प्रखर हवा आणि हवा स्वच्छ हवी. कोर्लईच्या दिव्याची खरी उंची आत विचारा आणि आकडेमोड मुलांकडून करून घ्या. दहावीचं गणित कुठे लागतं हा त्यांचा प्रश्न त्या दिवसापुरता तरी सुटतो.

ड्रोन आणला असेल तर तो गाडीतच राहू द्या. दीपगृहावर ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नसतो.

अंधार पडताना

सूर्यास्ताला दिवा लागतो. लोक नेमके तेव्हाच निघून जातात. तुम्ही फाटकातून बाहेर पडा आणि अलीकडे हेरून ठेवलेल्या जागी येऊन थांबा. अगदी पायथ्याशी झोत डोक्यावरून जातो आणि काही कळत नाही. थोडं अंतर पडलं की उघडझाप स्पष्ट होते.

इथे घड्याळ काढायचं. प्रत्येक दीपगृहाची उघडझाप वेगळी ठरवलेली असते: किती झपकारे, त्यांच्यामध्ये किती अंधार, आणि पुन्हा पहिल्यापासून किती सेकंदांनी. खलाशी नकाशावर तीच नोंद पाहून कुठल्या किनाऱ्यासमोर आहोत ते ओळखतो. मोठ्या अंधारानंतरच्या पहिल्या झपकाऱ्याला सुरुवात करा, पुढच्या तशाच झपकाऱ्याला थांबा. तीनदा मोजून सरासरी घ्या. पुढे कधी काशीदच्या वाळूवरून किंवा बोटीतून एखादा दिवा दिसला, तर तो कोर्लईचा की दुसरा, हे कुणाला विचारावं लागणार नाही.

मग विजेरी लावून गावाकडे. झोत पायाशी ठेवा, समुद्राकडे उगाच हलवू नका. रात्री बाहेर पडणाऱ्या होड्यांना किनाऱ्यावरचे भलते दिवे नको असतात. वाटेवर खेकडे येतात, कुत्रीही असतात. दोघं-तिघं मिळून चालावं.

पावसाळ्याबद्दल

जून ते ऑगस्ट हा बेत टाळा. पायऱ्या शेवाळतात, उधाणाच्या दिवशी लाटांचे तुषार रस्त्यावर येतात, आणि किल्ल्यावरच्या वाऱ्यात उभं राहणं अवघड होतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात आणि ताजी मासळीही नाही. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला गावाला सण असतो, तेव्हा यायचं तर तो सण पाहायलाच या. चालायला उत्तम काळ डिसेंबर ते फेब्रुवारी. गवत वाळलेलं, ऊन सोसण्यासारखं, हवा स्वच्छ.

जेवण

गावात घरगुती जेवण मिळतं, पण आयत्या वेळी नाही. फाट्यावरून आत शिरतानाच सांगून ठेवायचं: किती माणसं, किती वाजता, मासळी की शाकाहारी. कुठली मासळी हे आपण सांगू नये, आज काय आलंय ते विचारावं. मांदेली आली असेल तर तळलेली मागा आणि भाकरी तांदळाची. काही सांगितलं नसेल तर रात्री रेवदंड्याशिवाय गत्यंतर नाही, आणि तिथली दुकानंही लवकर मिटतात. जेवायला बसण्याआधी रिक्षावाल्याला एकदा फोन करून ठेवा.